जमीन तुमची, पण जमिनीखालचे पाणी कुणाचे?

महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह झाला, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्या तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि त्यात विरोधकांचे म्हणणे काय होते, याची आठवण फारशी निघत नाही. त्यांचे म्हणणे होते की, तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही जुनी रूढी आहे. यातले काहीही कोर्टात टिकले नाही. १९३७ साली मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. पाण्यावर कुणाची खाजगी मालकी चालणार नाही, हा त्या लढ्याचा अर्थ आम्ही घेतो.

आज तोच मालकीचा दावा जमिनीच्या पोटात शिरला आहे. "जमीन माझी, बोअर माझे, मी त्यात काय सोडतो हे विचारणारे तुम्ही कोण?" ही भाषा गावोगाव ऐकू येते.

विहीर म्हणजे पाणी वर काढण्याची जागा, असे आपण समजतो. पण पाणी खाली सोडणाऱ्याही विहिरी असतात. आटलेला आड, फेल गेलेले बोअर, संडासाच्या टाकीचा शोषखड्डा, गॅरेजमधले तेलकट पाणी गिळणारा खड्डा, छतावरचे पावसाचे पाणी घेणारे बोअर, ही सारी एकाच कुळातली. यांतली काही उपकारक आहेत, काही घातक. सर्वांत घातक म्हणजे कारखान्याचे रासायनिक सांडपाणी चोरून बोअरमध्ये सोडणे, ज्याला लोक 'रिव्हर्स बोअर' म्हणतात. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा बरोबरच आहे. पण काय जिरवता, हेही विचारले पाहिजे.

कोल्हापुरात हा प्रश्न अधिक गंभीर का, ते समजून घेऊ. आपल्या पायाखाली काळवत्री खडक आहे. महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली हाच बेसॉल्ट पसरला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. जाड वाळूच्या थरातून पाणी हळूहळू गाळले जाते, भेगेतून ते तसे गाळले जात नाही. एका परड्यात सोडलेली घाण भेगेभेगेने दुसऱ्याच्या विहिरीत जाते आणि ती कुठून आली याचा माग लागत नाही. म्हणूनच शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. पण ज्या वस्तीत घराला घर लागून आहे, दोन गुंठे जागा कुणाकडे नाही, तिथे १८ मीटर आणायचे कुठून?

पंचगंगेचे प्रदूषण डोळ्यांना दिसते. नदीवर फेस येतो, मासे मरतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न हायकोर्टात गाजला. भूजलाला मात्र फेस येत नाही. ज्याची ऐपत आहे तो वीस लिटरचा जार घेतो, घरात फिल्टर बसवतो. ज्याची ऐपत नाही तो हातपंपाखाली घागर लावतो. भूजल नासले तर आधी कोण मरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता कायद्याकडे वळू. १८८२ चा सुविधाधिकार कायदा जमीनमालकाला आपल्या हद्दीतले भूजल काढून वापरू देतो. मालकीची भाषा बोलणारे एवढेच वाचतात. त्याच कायद्याच्या सातव्या कलमाखालचे आणखी एक उदाहरण सांगते की, आपल्या जमिनीतून पाझरणारे पाणी इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हाही प्रत्येक जमीनमालकाचा हक्क आहे. पण तो जमीनमालकाचा हक्क झाला. ज्याला जमीनच नाही त्याचे काय? त्याच्यासाठी संविधानाचे कलम २१ आहे. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९९१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की, प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येतच भूमिगत पाणी येते आणि कलम २४ प्रवाहात किंवा विहिरीत जाणूनबुजून विषारी द्रव्य सोडण्यास मनाई करते.

याहून महत्त्वाची तरतूद आपल्याच कार्यकर्त्यांच्या नजरेतून सुटते. अनुसूचित जाती-जमातींचे लोक नेहमी वापरतात तो पाण्याचा साठा नासवून वापरास अयोग्य करणे, हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. १९८९ च्या मूळ कायद्यात तो होता, २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो कलम ३(१)(एक्स) मध्ये आहे. मारहाण झाली की आपण पोलीस ठाण्यावर मोर्चा नेतो. वस्तीची विहीर नासली की मात्र टँकर मागून गप्प बसतो.

कायदा असूनही उशीर झाला तर काय होते, ते राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाने दाखवून दिले. तिथे रंगउद्योगासाठी लागणारे एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांचा विषारी गाळ आणि सांडपाणी जमिनीत मुरले, विहिरींचे पाणी काळवंडले. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, जो घाण करेल त्यानेच भरपाई द्यावी. त्या रकमेची वसुली टाळली गेली, म्हणून २०११ साली ३७ कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. पंजाबात फिरोजपूर जिल्ह्यातील झिरा भागात २०२२ साली बोअरचे पाणी नासल्याच्या तक्रारीवरून गावकरी मद्यनिर्मिती कारखान्यासमोर धरणे धरून बसले. जानेवारी २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. न्यायालय दंड वसूल करू शकेल, पण खडकाच्या भेगेत गेलेले विष कोणताही हुकूमनामा बाहेर काढू शकत नाही. म्हणून खटल्याआधी मोजणी हवी.

अमेरिकेत अशा उथळ जिरवण-विहिरींचा वेगळा वर्गच कायद्याने पाडला आहे. पर्यावरणवादी संघटनेने कोर्टात खेचल्यावर तिथल्या सरकारने त्यांचा देशभर अभ्यास केला. १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. लाखोंच्या संख्येने अशा विहिरी असल्याचे दिसले. पुढे गॅरेजचे सांडपाणी सोडणाऱ्या नव्या विहिरी आणि मोठे मैलाखड्डे यांवर बंदी आली आणि असलेले मोठे मैलाखड्डे २००५ पर्यंत बंद करण्याचा नियम झाला. आधी मोजले, मग बंद केले, हा त्यातला धडा.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे, त्यात विहीरमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. मग सांडपाणी पिणाऱ्या भोकांची नोंद का नको?

आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक ग्रामसभेत ठराव मांडा की, गावातले आटलेले आड, बंद बोअर, शोषखड्डे आणि कारखान्यांच्या आवारातली बोअर यांची यादी व्हावी, बंद बोअरची तोंडे बुजवावीत आणि बौद्ध वस्तीच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासून अहवाल फलकावर लावावा. आमच्याकडे लोक बाटलीत पाणी भरून आणतात. ती बाटली तक्रारीला उपयोगी आहे, पण कोर्टात टिकणारा नमुना प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याने कलम २१ प्रमाणेच घ्यावा लागतो. तो घ्यायला लेखी अर्ज करून भाग पाडा आणि पोच जपून ठेवा. नुकसानभरपाईसाठी हरित न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यात आहे, तिथे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. हायकोर्टाचे सर्किट बेंच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसते. त्याचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. आता मुंबई लांब, ही सबब राहिलेली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक विहिरी-पाणवठ्यांवर अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. १९२० साली ते आणि बाबासाहेब माणगावच्या परिषदेत एका मंचावर आले. ते माणगाव आज याच जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजीच्या शेजारी आहे. त्या पिढीने आपल्याला पाणवठ्यापर्यंत नेले. त्या पाणवठ्यातले पाणी पिण्यासारखे ठेवणे हे आता आपले काम आहे. येत्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्या आणि ठराव लिहूनच जा.