दादाचं पिस्तूल, वहिनीचा कोड

डॅलसला भावाकडे महिनाभर राहून आले. मॉल झाले, बार्बेक्यू झालं, मराठी मंडळाची पिकनिकही झाली. पण डोक्यात बसलं ते कपाटातलं एक काळं, सातशे ग्रॅमचं पिस्तूल. किंमत? आपल्या मिडरेंज मोबाइलएवढी!

अमेरिकेतल्या भावाकडे गेलं की दुसऱ्या दिवशी ‘हाउस टूर’ होते. बॅकयार्ड बघा, गराज बघा, कॉस्टकोमधून आणलेला टिश्यूंचा वर्षभराचा साठा बघा. माझ्या चुलत दादाच्या घरीही हे सगळं यथासांग झालं. त्याचं घर फ्रिस्कोला, म्हणजे डॅलसच्या उत्तरेला. टूर संपत आली तशी वहिनी पाच वर्षांच्या माझ्या भाचीला घेऊन खाली गेली आणि जिन्यातूनच म्हणाली, ‘‘आता तुझं ते रत्न दाखव तिला.’’

दादाने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक छोटी पेटी काढली. किल्ली लावली. आत पिस्तूल.

आधी त्याने मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढली, चेंबर रिकामं आहे हे स्वतः बघितलं, मला दाखवलं आणि मगच माझ्या हातात दिलं. टॉरस जी३. ब्राझिलियन कंपनीचं, ९ एमएम, चार इंची बॅरल, मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या. पकडायचा भाग पॉलिमरचा, म्हणजे आपल्या भाषेत प्लास्टिकचा. ‘‘तीनशे डॉलर,’’ दादा म्हणाला. मी मनात गुणाकार केला. पंचवीस-सव्वीस हजार रुपये. त्यापेक्षा महाग मोबाइल माझ्या पर्समध्ये होता!

‘‘आणि लायसन?’’

‘‘टेक्सासमध्ये विकत घ्यायला लागत नाही.’’

दुकानात जायचं, ‘४४७३’ नावाचा फॉर्म भरायचा, तुमच्यावर गुन्हा आहे का, ड्रग्ज घेता का वगैरे प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची. दुकानदार एफबीआयच्या सिस्टिममध्ये चौकशी करतो. ही सिस्टिम १९९८ पासून चालू आहे. तिकडून ‘प्रोसीड’ आलं की पैसे भरा आणि घरी जा. राज्यात थांबायची मुदत वगैरे काही नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तर कायद्यात बसणाऱ्या सज्ञान माणसाला पिस्तूल कमरेला लावून फिरायलाही परमिट लागत नाही. दादाचं सगळं काम वीस मिनिटांत आटपलं. आपल्याकडे सिमकार्ड घ्यायला याहून जास्त वेळ जातो.

मग इतकी वर्षं का नाही घेतलं? कारण दादा एच-वन-बीवर होता. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूक जवळ बाळगता येत नाही, काही अपवाद सोडून. ग्रीन कार्ड आलं आणि तो अडसर गेला. पण खरं कारण वेगळंच होतं. ६ मे २०२३ ला अ‍ॅलनच्या आउटलेट मॉलमध्ये एका माणसाने गोळीबार केला, आठ जणांचा जीव गेला. दादाच्या घरापासून तो मॉल वीस-पंचवीस मिनिटांवर. भाचीचे शाळेचे बूट तिथूनच घेतलेले.

त्या दिवसानंतर दादाला वाटायला लागलं की घरात एक पिस्तूल हवंच. आणि त्याच दिवसानंतर वहिनीला वाटायला लागलं की घरात पिस्तूल नकोच. घटना एकच, घर एकच, आणि मधे मी. पाहुणी!

शिकारी मी!

‘‘शनिवारी रेंजवर चल,’’ दादा म्हणाला. मी एका पायावर तयार. पण माझा टुरिस्ट व्हिसा! वर सांगितलेला नियम मलाही लागू. रेंजवरचंसुद्धा पिस्तूल हातात घेता येणार नाही. मात्र त्याला एक भन्नाट अपवाद आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन जवळ असेल तर चालतं.

म्हणून मी, सदाशिव पेठेत वाढलेली, अंडंसुद्धा केकमधलंच खाणारी मुलगी, रात्री अकरा वाजता लॅपटॉपवर बसून टेक्सासचं पाच दिवसांचं शिकारीचं लायसन काढलं. पन्नासेक डॉलर गेले. आईला त्याचा फोटो पाठवला. तिचा एका शब्दात रिप्लाय आला, ‘‘कशाला?’’

रेंज म्हणजे बाहेरून मोठं फर्निचरचं दुकान वाटेल अशी इमारत. थंडगार एसी, कॉफी मशिन, काउंटरवर हसतमुख मुलगी. भिंतीवर पिस्तुलं टांगलेली, चपलांच्या दुकानात जोड लावतात तशी. पासपोर्ट दाखवला, लायसन दाखवलं, फॉर्मवर सह्या केल्या. मग सेफ्टी ऑफिसरने चार नियम पाठ करून घेतले. जेफ कूपर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकामुळे हे नियम जगभर पोचले. एक, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. दोन, जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. तीन, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. चार, नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे बघा.

साधे वाटतात ना? पण पिस्तूल हातात आलं की पहिल्या मिनिटाला बोट आपोआप ट्रिगरवर जातं. माझं गेलं. ऑफिसरने काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. मी लाजून चूर!

मोठं तेच सोपं

माझा अंदाज असा की पहिल्यांदा हातात घ्यायचं तर छोटं, पर्समध्ये मावेल असं पिस्तूल बरं. दादा म्हणाला, उलटं! छोटं पिस्तूल लपवायला सोपं, मारायला अवघड. फुल साइजचं वजन जास्त, म्हणून झटका कमी बसतो. मुठीत सगळी बोटं मावतात. आणि पुढची-मागची माशी एकमेकींपासून लांब असल्यामुळे नेमातली चूक लवकर दिसते.

कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा. सात यार्डांवर कागदी टार्गेट. पहिला बार काढला आणि... कसं सांगू? आवाज कानात नाही, छातीत बसतो. हात वर उडतात. रिकामं काडतूस उजवीकडे उडून शेजारच्या पार्टिशनवर टणकन आपटतं. फटाक्यासारखा वास. आणि मग एक खुळचट हसू येतं, जे थांबवता येत नाही.

खोटं कशाला बोलू, मजा आली. जाम मजा आली. श्वास, पकड, नेम, बोट, एवढंच जग उरतं. डेडलाइन नाही, बॉसचे मेल नाहीत. दर शनिवारी सकाळी दादा इथे का येतो, हे पहिल्या मॅगझिनमध्येच कळलं.

न वाजलेला बार

पण माझ्या गोळ्या सगळ्या खाली जात होत्या. टार्गेटच्या पोटाऐवजी पायाखाली. ऑफिसर म्हणाला, ‘‘तुझं मॅगझिन मी भरतो.’’ आणि मला न सांगता त्याने मधे दोन-तीन नकली काडतुसं घातली.

ठो. ठो. मग... ‘टिक’.

बार झालाच नाही, तरी माझ्या हातातलं पिस्तूल दोन इंच खाली गेलं. जोरात. झटका येणार म्हणून मी आधीच त्याला दाबून टाकत होते. म्हणजे मी पिस्तुलाला घाबरत नव्हते, अजून न झालेल्या आवाजाला घाबरत होते. नेम त्यामुळे चुकत होता. बहुतेक सगळे नवखे हेच करतात म्हणे, आणि उपाय हाच. त्यानंतरच्या दहा गोळ्यांपैकी सात आत लागल्या. ते टार्गेट मी घडी करून बॅगेत ठेवलंय.

येताना गाडीत दादाने हिशोब सांगितला. पिस्तूल तीनशेचं. मफ आणि चष्मा चाळीस. पन्नास गोळ्यांचा बॉक्स पंधरा, एका शनिवारी तीन बॉक्स सहज उडतात. लेनचे वीस. म्हणजे पाच शनिवारांत पिस्तुलाच्या किमतीएवढे पैसे धुरात! प्रिंटरसारखं आहे. प्रिंटर स्वस्त देतात आणि शाईत मारतात.

आम्ही हसत घरी आलो. घरी मात्र कुणी हसत नव्हतं.

‘तुमच्या घरी गन आहे का?’

त्या दुपारी भाचीच्या वर्गातली मैत्रीण खेळायला येणार होती. सकाळी तिच्या आईचा वहिनीला फोन आला. मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, स्विमिंग पूलला कुंपण आहे ना, असं विचारता विचारता त्याच सुरात तिने विचारलं, ‘‘तुमच्या घरी गन आहे का? लॉक केलेली असते ना?’’

हा प्रश्न तिथे उद्धटपणाचा नाही. खेळायला मूल पाठवण्याआधी तो विचारावा, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यासाठी २००० पासून मोहीम चालू आहे.

वहिनीने सांगितलं, ‘‘हो, आहे. पेटीत, किल्ली लावून.’’ फोन ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, तिने लेकीला जवळ घेऊन सहज विचारलं, ‘‘बाबाच्या काळ्या पेटीची किल्ली कुठे असते गं?’’

‘‘सॉक्सच्या ड्रॉवरमध्ये,’’ भाची म्हणाली. ‘‘निळ्या सॉक्सच्या खाली.’’

वहिनीने त्या आईला परत फोन केला आणि आज नको, असं सांगितलं. आम्ही आलो तेव्हा ती डायनिंग टेबलपाशी बसली होती. समोर ती किल्ली.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘शाळेत हिला टीचर शिकवतात, अंधार करून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं. बाहेरून बंदूकवाला आला तर. आणि घरात आपण किल्ली निळ्या सॉक्सखाली ठेवतो.’’

दादाचा चेहरा पांढराफटक. लहान मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, हे त्याला माहीत होतं. त्याचं पिस्तूल भरलेलं नसायचं, पण गोळ्या त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात होत्या. रेंजवर चार नियम तोंडपाठ असलेला माझा दादा घरी पाचवा विसरला होता.

रात्री मी आकडे शोधत बसले. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त, २७,३०० जणांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली होती. चोराची भीती घालून विकलं जाणारं हे यंत्र सगळ्यात जास्त वेळा घरातल्याच माणसाचा जीव घेतं. आणि २०२० पासून तिथल्या मुलांच्या आणि टीनएजर्सच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, अपघातात सापडणारी गाडी नाही. दुपारचं माझं खुळचट हसू आठवलं. मजा खरी होती. हे आकडेही खरे होते.

कोड कुणाचा?

रविवारी दादाने जमिनीला बोल्ट करायची तिजोरी आणली. आकडे दाबून उघडणारी. पिस्तुलाच्या किमतीला लागेल एवढे पैसे तिच्यात गेले. गोळ्यांसाठी वेगळी पेटी. बोल्ट मारून झाल्यावर तो कोड टाकायला बसला, तर वहिनी म्हणाली, ‘‘ऊठ. कोड मी टाकणार. तुला सांगणार नाही.’’

‘‘अगं, मग रात्री कुणी घरात घुसलं तर उपयोग काय त्याचा?’’

‘‘खरं सांग, तू ते चोरासाठी घेतलंयस की शनिवारसाठी?’’

दादा बराच वेळ पान्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, ‘‘घेतलं तेव्हा चोरासाठी. आता शनिवारसाठी.’’

‘‘मग शनिवारी माग. काढून देईन.’’

तो उठला. कोड वहिनीने टाकला.

पुढचे दोन शनिवार मी ते दृश्य बघितलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा, वहिनी आकडे दाबतेय. तो पिस्तूल तपासतो, तिला रिकामं चेंबर दाखवतो, ती बघून मान हलवते. परत आल्यावर सगळं उलट क्रमाने. त्या मैत्रिणीच्या आईला वहिनीने झालेलं सगळं खरं खरं सांगितलं. मुलगी खेळायला आली, पण त्यांच्या घरी नाही. दोघी पार्कमध्ये खेळल्या. सध्या तरी तसंच चालू आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी वहिनीला विचारलं, ‘‘आणि समजा खरंच चोर आला तर?’’

‘‘तर तुझ्या दादाला आधी मला उठवावं लागेल,’’ ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. ‘‘आणि मी ९११ ला फोन करीन.’’

आपल्याकडे काय?

* आपल्याकडे पिस्तूल घ्यायचं तर १९५९ चा शस्त्र कायदा. आधी लायसन, त्याआधी कारण, पोलिस चौकशी आणि सुरक्षित वापराचं प्रशिक्षण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं, लायसनची मुदत पाच वर्षं.
* दादाचं ९ एमएम इथे सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतं.
* फक्त शनिवारच हवा असेल तर एअर पिस्तूल बेस्ट! .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीला लायसन लागत नाही. ऑलिंपिकमधला १० मीटरचा इव्हेंट याच प्रकारचा.
* पुण्यात बालेवाडीला आणि मुंबईत वरळीला रेंज आहे. आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड जिंकली. नेमबाजीत एशियाड गोल्ड मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.
* एअर पिस्तूलही खेळणं नाही. चार नियम तेच. पाचवा आमच्या वहिनीचा, किल्ली सॉक्सखाली ठेवायची नाही.