न भरणारी जखम आणि कातडीचं रोप

आज बोलायचंय ते आपण साडीच्या काठाखाली झाकून ठेवतो त्या दुखण्याबद्दल.

आमच्या बचत गटात एक मावशी आहेत. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, पाय खरचटल्याचं निमित्त झालं आणि जखम दोन वर्षं भरेना. हळद झाली, चुना झाला, झाडपाला झाला. मग वास यायला लागला आणि मावशींनी बैठकीला येणंच सोडलं. हप्ता मात्र नातीच्या हाती वेळेवर यायचा. हप्ता आला म्हणून आम्हीही विचारपूस केली नाही. ही चूक आमची.

साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत येते. महिना-दीड महिना झाला तरी भरत नसेल, तर तिच्यामागे काही कारण असतं. कुणाची शुगर वाढलेली असते. कुणाच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असतात, कुणाच्या पायाला रक्त कमी पोचतं. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात तळपाय बधिर होतो, काटा रुतला तरी कळत नाही. फार जुन्या जखमेचे काठ उंच, टणक झाले, तर डॉक्टर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात, कारण क्वचित तिथे कॅन्सरही होतो. म्हणून आधी कारण शोधायचं. नुसतं मलम बदलून भागत नाही.

मावशींच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, जखम मोठी आहे, कातडी लावावी लागेल. मावशी घाबरल्या. “माझ्या लेकीची कातडी काढणार का?” असं विचारू लागल्या. तसं नसतं. कातडी आपलीच घेतात, बहुतेक वेळा मांडीची. दुसऱ्याची कातडी शरीर काही आठवड्यांत टाकून देतं. मरणानंतर दान केलेली त्वचा फार भाजलेल्या माणसाला वापरतात, तीही तात्पुरतं पांघरूण म्हणून.

याला त्वचारोपण म्हणतात. रोपण हा शब्द आपल्या ओळखीचाच आहे. आपण कांद्याचं रोप टाकतो, ते उपटून तयार वाफ्यात लावतो. इथेही तसंच.

आधी वाफा तयार करायचा. जखमेतलं मेलेलं मांस काढतात, पू थांबवतात, शुगर आटोक्यात आणतात. तळाशी लालभडक, निरोगी मांस दिसायला लागलं की वाफा तयार झाला. घाण जखमेवर कातडी लावली तर ती सडून जाते.

मग मांडीवरून कागदासारखा पातळ थर काढतात. कातडी पूर्ण सोलत नाहीत, खालचा थर तसाच राहतो. म्हणून मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरते. दुखतं ते मात्र बरेचदा जखमेपेक्षा मांडीलाच जास्त, हे आधी माहीत असावं. काढलेल्या थराला बारीक छिद्रं पाडून जाळी करतात. त्यानं ती जास्त जागा झाकते आणि खाली साचणारं पाणी, रक्त बाहेर येतं. वाफ्यात पाणी तुंबलं तर रोप धरत नाही, तसंच हे.

पहिले एक-दोन दिवस ही कातडी खालच्या ओलाव्यावर जगते. मग खालून रक्ताच्या बारीक नळ्या तिच्यात शिरतात. पाच-सात दिवसांत कळतं, रोप लागलं की नाही. या दिवसांत पाय हलवायचा नाही, लटकत ठेवायचा नाही. “जरा चूल पेटवून येते” असं म्हणून उठायचं नाही. घरच्यांनी खरी मदत करायची ती इथे.

आणखी एक. मिसरी, तंबाखू बंद. त्यानं रक्ताच्या नळ्या आखडतात आणि रोप उपाशी राहतं.

कातडी लागली म्हणजे आजार गेला असं नाही. शिरांचा त्रास असेल, तर पायाचा रक्तपुरवठा नीट आहे हे डॉक्टरांनी पाहिल्यावर घट्ट पट्टी बांधावी लागते. बसताना पाय उंच ठेवायचा. नवी कातडी कोरडी पडते, तिला खोबरेल लावायचं, उन्हापासून जपायचं. पाय बधिर असेल तर रोज तळवा बघायचा आणि अनवाणी चालायचं नाही.

खर्चाची धास्ती असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. गावच्या साध्यासुध्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. लोक ज्यांना शिवत नसत, त्या कुष्ठरुग्णांच्या जखमांकडेही त्या बायकांनी लक्ष दिलं. अक्षरओळख नसलेल्या बायकाही त्यांत होत्या. मग आपल्याला काय अवघड आहे?

मावशी आता बैठकीला येतात, पाय पाटावर ठेवून बसतात. तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते मोजून झाले की एकदा माणसंही मोजा. जी बाई बरेच दिवस आली नाही, तिच्या घरी जा. आणि तिला विचारा, “पाय दाखवतेस का जरा?”