वैशाखातला गार आठवडा : सुख थोडे, सावधगिरी फार

मे महिना लागला की ग्वाल्हेरच्या मैदानात पारा ४० च्या वर जावा, दुपारी लू वाहावी आणि माणसांनी व गुरांनी सावली धरावी, हा नेहमीचा क्रम होय. पण एखाद्या वर्षी हा क्रम मोडतो. पहाटे पांघरूण ओढावेसे वाटते, दिवसभर वारा सुटतो आणि एक-दोन दिवसांआड सर येऊन जाते. २०२३ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असेच झाले. उत्तरेकडच्या मैदानात पारा नेहमीपेक्षा पुष्कळच खाली राहिला. ४ मे रोजी दिल्लीत किमान तापमान १५.८ अंशांवर उतरले आणि सकाळी चक्क धुके पडले. २०२५ च्या मे महिन्यातही वादळी सरी वारंवार आल्या. त्या महिन्यात देशभर मिळून जेवढा पाऊस झाला, तेवढा १९०१ पासूनच्या नोंदींत कोणत्याही मे महिन्यात झालेला नव्हता.

अशी हवा अंगाला बरी वाटते. पण शेतकरी बंधुभगिनींनो, हिच्यात तीन धोके लपलेले असतात : धान्याच्या राशीला, शेतात काम करणाऱ्याच्या जिवाला आणि मागाहून परतणाऱ्या उन्हाचा. त्यांचा विचार येथे करू.

हे का घडते?

भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानवरून आपल्याकडे वाऱ्यांचे झंझावात येतात. हिवाळ्यात हिमालयात बर्फ पडते आणि आपल्या गव्हा-हरभऱ्याला मावठ मिळते ते यांच्यामुळेच. उन्हाळ्यात त्यांची वाट उत्तरेकडे सरकते. पण कधी कधी एखादा झंझावात खाली उतरतो व समुद्रावरची दमट हवा मैदानात ओढली जाते. खाली तापलेली जमीन आणि वर थंड हवा, असे झाले की खालची हवा उतू जाणाऱ्या दुधासारखी वर उसळते आणि ढग उभे राहतात.

त्या ढगातून पडणारे थेंब कोरड्या हवेत वाटेतच सुकू लागतात. माठाला पाझर असला की आतले पाणी गार होते, तशी ती हवा गार होते. गार झाली की जड होते व वेगाने खाली कोसळून जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून आधी धूळ, मग थेंब. इकडे जिला आंधी म्हणतात ती हीच. तिला हलके लेखू नये. २ मे २०१८ च्या रात्री अशाच वादळाने आग्रा, भरतपूर व चंबळपलीकडच्या धोलपूर भागात हाहाकार केला. उत्तर प्रदेश व राजस्थान मिळून शंभराहून अधिक माणसे गेली, ती बहुतेक भिंती, छपरे व झाडे कोसळून.

पावसाळा बिघडतो काय?

रोहिणीचे नऊ दिवस, म्हणजे नवतपा, तापला नाही तर पाऊस दगा देतो, असे जुनी माणसे सांगतात. आम्ही आकडे पाहिले. २०२३ च्या मे महिन्याची सुरुवात गार होती आणि त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. २०२५ चा मे तर त्याहून ओला होता आणि पाऊस १०८ टक्के झाला. म्हणजे गार आठवड्यावरून पावसाळ्याचे भाकीत करता येत नाही. बियाण्याची व पेरणीची तयारी नेहमीप्रमाणे करावी.

धान्य व शेत

खळ्यावरची रास उघडी ठेवू नये. ताडपत्री घालून कडांवर माती किंवा दगड ठेवावेत आणि राशीभोवती पाण्याला चर काढावा. भिजलेला गहू ढिगात ठेवल्यास तापतो, मोड धरतो व बुरसतो. ऊन पडताच तो पातळ पसरावा व दोन-तीनदा फिरवावा. पूर्ण निवल्यावरच पोत्यात भरावा. दाणा दाताखाली ‘कट्’ असा फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे. सरकारी खरेदीत १२ टक्के ओलावा चालतो, त्यापुढे १४ टक्क्यांपर्यंत किंमत कापली जाते. बुरसलेला भुसा गुरांना घालू नये.

लाभही घ्यावा. सर चांगली झाली असेल तर मूग-भाजीपाल्याची एक पाण्याची पाळी वाचते. वाफसा येताच उन्हाळी नांगरट करावी. ढेकळे उलटली म्हणजे पुढच्या उन्हात किडींचे कोष व तणांची मुळे मरतात. वारा असताना औषध मात्र फवारू नये. ते पिकावर कमी आणि आपल्या नाकातोंडात अधिक जाते.

वीज

विजेने आपल्या देशात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीस सेकंद होण्याआधी आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली स्वतः थांबू नये, गुरेही बांधू नयेत. मोबाइल असणाऱ्यांना पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर विजेची सूचना मिळते. वीज पडलेल्या माणसाला हात लावण्यात धोका नसतो. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असल्यास लगेच छाती दाबण्यास सुरुवात करावी व १०८ ला फोन करावा.

प्रकृती

धूळ व परागामुळे दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे नोव्हेंबर २०१६ मध्ये एका वादळानंतर हजारो लोकांना दमा उसळला व दहा दगावले. वादळ येताना दमेकऱ्याने दारे-खिडक्या लावून घरात बसावे व आपले औषध जवळ ठेवावे. कूलर, टायर व मडक्यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परतणारे ऊन. उन्हाची सवय अंगाला लागायला एक-दोन आठवडे जातात आणि गार दिवसांत ती सुटू लागते. मग पारा एकदम ४३-४४ वर गेला की धडधाकट माणूसही शेतात कोसळतो. म्हणून पहिले चार-पाच दिवस काम पहाटे व संध्याकाळी, तेही थोडे थोडे वाढवीत करावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. फार घाम गेला किंवा जुलाब झाले तर जलसंजीवनी घ्यावी : एक लिटर स्वच्छ पाणी, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. कोणी बरळू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व विलंब न करता दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये.

शेतमजुरांच्या बाबतीत हे विशेष पाळावे. मालक म्हणेल तोवर मजूर उन्हात राबतो. कधी थांबायचे, हे मालकानेच आधी सांगितले पाहिजे.