आपली वही कोठे आहे?

आपल्या संस्थेच्या कपाटात शिष्यवृत्तीच्या जुन्या वह्या अद्याप आहेत. कोणत्या विद्यार्थ्यास किती साहाय्य मिळाले, कोणत्या दात्याने ठेव ठेवली, तिचे व्याज कोणत्या कामी लावावयाचे, हे सारे त्यांत शाईने लिहिलेले आहे. गेली काही वर्षे मात्र या नोंदी आपण संगणकावर करतो व 'क्लाउड'मध्ये ठेवतो. मागील वार्षिक सभेत एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले, "अहो, पण आपली वही आता आहे तरी कोठे?" त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

क्लाउड म्हणजे ढग. परंतु नावाखेरीज यात ढगासारखे काही नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील, भाड्याने घेतलेला संगणक. या इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. तेथे उंच मांडण्यांत हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालू असतात. ते तापू नयेत म्हणून शीतयंत्रे, वीज गेल्यास बॅटऱ्या व त्यांच्यामागे डिझेलचे जनित्र, असा सारा सरंजाम असतो. एकाच सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक भाग पाडून ते निरनिराळ्या ग्राहकांस देता येतात. म्हणूनच आपल्यासारख्या लहान संस्थेसही ते भाडे परवडते.

आपण येथे बटण दाबले की नोंदीचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंतून ते प्रकाशाच्या रूपाने धावतात व वाटेतील राउटर नावाची यंत्रे, टपाल कचेरीप्रमाणे, पत्ता पाहून ते पुढे धाडतात. मुक्कामी पोहोचल्यावर तुकडे पुन्हा जुळविले जातात.

हा मुक्काम दूरदेशीच असतो असे नाही. ॲमेझॉन कंपनीने आपले डेटा सेंटरांचे केंद्र मुंबईस २०१६ साली आणि आपल्या हैदराबादेस नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केले. अशा केंद्रात परस्परांपासून काही अंतरावर वसविलेले तीन स्वतंत्र विभाग असतात. एकास अपघात झाला तरी इतरांनी काम सांभाळावे, हा हेतू. मात्र ही सोय प्रत्येक ग्राहकास आपोआप मिळते असे समजू नये. आपण कोणती सेवा घेतली, यावर ते अवलंबून असते.

ही व्यवस्था नसली म्हणजे काय होते, हे दक्षिण कोरियाने अनुभवले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरास आग लागली. वीज गेल्यास उपयोगी पडावयाच्या लिथियम बॅटऱ्यांनीच पेट घेतला होता. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी नोकर आपली कागदपत्रे ज्या साठ्यात ठेवीत, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची दुसरी प्रत बाहेर कोठेच नव्हती.

दुसरा प्रकार निराळा. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या केंद्रात बिघाड झाला. तेथे आग लागली नव्हती. नाव सांगितले असता यंत्राचा पत्ता देणारी जी नोंदवही, जिला डीएनएस म्हणतात, तीत एका महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढील पत्ता स्वयंचलित यंत्रणेच्या दोषामुळे पुसला गेला. घर जागेवर, पण पत्ता हरवलेला! एवढ्याने जगभरच्या असंख्य सेवा कित्येक तास अडून राहिल्या.

तिसरा प्रकार आमच्या घरचा आहे. आपल्या नोंदींचा पासवर्ड एकाच कार्यकर्त्यापाशी होता आणि खात्रीचा क्रमांक त्यांच्याच मोबाइलवर येई. ते मुलाकडे परदेशी गेले, जुना मोबाइल क्रमांक बंद झाला, आणि ऐन शिष्यवृत्ती वाटपाच्या दिवसांत कपाट आपले असूनही किल्ली मिळेना. विद्यार्थ्यांच्या फीची मुदत जवळ येत होती. अखेर कपाटातील जुन्या वहीवरून आणि पासबुकावरून यादी जुळवून काम निभावले. यात दोष कोणा कंपनीचा नव्हता. तो आमचाच होता.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. क्लाउडने तीन ठिकाणी प्रती ठेवल्या तरी आपल्या हातून नोंद पुसली गेल्यास ती तिन्ही ठिकाणची पुसली जाते. म्हणून तेथील प्रतींवर विसंबून आपली स्वतंत्र प्रत ठेवण्याचे टाळता येत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. दर महिन्यास सर्व नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवावी व ती कार्यालयाबाहेर दुसऱ्या जागी ठेवावी. खात्याची किल्ली किमान दोन विश्वस्तांपाशी असावी. वर्षातून एकदा त्या प्रतीतून नोंदी खरोखर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही नुसती समजूत होय. दात्यांची व ठेवींची मुख्य यादी मात्र कागदावरही असावी.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुराच्या आठवणी ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, तेथे सारे एकाच जागी का ठेवू नये, हे समजावून सांगण्याची गरज नसावी. दात्याने पैसा दिला तो आपल्या शब्दावर. तो शब्द ज्या वहीत आहे ती कोठे आहे, हे विचारणाऱ्या त्या सभासदांचे आम्ही ऋणी आहो.