देहाच्या उष्णतेचा नकाशा

१८०० साली विल्यम हर्शेलने तांबड्या रंगापलीकडे थर्मामीटर ठेवून ज्या अदृश्य किरणांचा छडा लावला, तेच किरण आपली त्वचाही अहोरात्र बाहेर टाकीत असते. आणि १९५६ साली माँट्रियलचे शल्यविशारद रे लॉसन यांनी स्तनातील कर्करोगाच्या गाठीवरील त्वचा अधिक उष्ण असल्याची नोंद केली, तेव्हापासून चिरफाडीवाचून देहाच्या उष्णतेचा नकाशा काढण्याकडे वैद्यकाचे लक्ष विशेष वळले.

मात्र हे किरण टिपून नकाशा काढणाऱ्या कॅमेऱ्याला दिसते ती केवळ त्वचा; खोल गाठीची उष्णता रक्तप्रवाह परस्पर वाहून नेतो, आणि खोलीतला पंखादेखील चित्रात ढवळाढवळ करतो, म्हणून रुग्णाला आधी १५-२० मिनिटे उघड्या अंगाने स्वस्थ बसवावे लागते. मॅमोग्राफीच्या जागी ही तपासणी चालणार नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बजावले आहे, आणि ते रास्तच आहे.