पदवी मिळाल्यावर विद्यापीठ आपले कोण?

पावसाळा ओसरला की लोणावळ्यातील हॉटेलांच्या फाटकांवर कापडी फलक झळकू लागतात. ‘माजी विद्यार्थी स्नेहमेळावा’, खाली कॉलेजचे नाव आणि वर्ष. मंडळी मुंबईची किंवा पुण्याची असतात. दोन दिवस राहतात, जुने फोटो काढतात, चिक्कीचे पुडे बांधून घेतात आणि परततात. आपल्या वर्गातील काही जण शनिवार-रविवारी याच हॉटेलांत वाढप्याचे काम करीत असल्यामुळे ‘माजी विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला चांगला परिचित आहे. मात्र तो दुसऱ्यांसाठी असतो अशी आपली समजूत दिसते!

मी गेल्या वर्षी बी.ए. झालो आणि एम.ए.साठी येथेच राहिलो. म्हणजे एका अर्थी मी माजी विद्यार्थी आहे आणि एका अर्थी अजून आजी. या दुहेरी अवस्थेमुळे मला प्रश्न पडला की, पदवी हातात आल्यानंतर विद्यापीठाशी आपले नाते उरते का, आणि उरत असेल तर त्याला कायद्यात काही स्थान आहे का? स्थान आहे, आणि ते चांगले भक्कम आहे. त्याला ‘नोंदणीकृत पदवीधर’ असे म्हणतात. वर्गात विचारले तेव्हा बहुतेकांनी हा शब्द ऐकलेला होता, पण त्याचा अर्थ भलताच लावला होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा भूगोल सांगतो, कारण मावळाचे या बाबतीत एक वैशिष्ट्य आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि पुढे ९२ वर्षे घाटावरच्या विद्यार्थ्याचेही विद्यापीठ तेच होते. पुण्यात शिकले तरी पदवी मुंबईची. खंडाळा ते पुणे ही आगगाडी १८५८ साली सुरू झाली, पण बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला तो १८६३ साली. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. त्या सुमारास पुण्याहून मुंबईला परीक्षेसाठी जायचे तर खंडाळ्याला गाडीतून उतरून घाट पायी किंवा पालखीने उतरावा लागे आणि खाली पुन्हा गाडी धरावी लागे. पदवीची वाट अक्षरशः आपल्या गावातून जात होती असे म्हणायला हरकत नाही.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात विद्यापीठाचा संसार मांडला गेला. आरंभी त्याचे कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, आणि पुण्याकडे पुणे, नाशिक व अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) हे तीन जिल्हे उरले. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. खोपोली-कर्जतची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, म्हणजे दोन विद्यापीठांची सीमा आपल्या घाटातच आहे. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यापासून शिवाजीनगरला उतरून विद्यापीठ गाठणे दिवसभरात जमण्यासारखे झाले. तरीही मावळातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरील शिक्का. पदवीची प्रमाणपत्रेही आता महाविद्यालयातच छोटा समारंभ करून वाटली जातात. त्यामुळे गणेशखिंडीचा तो वड-पिंपळांचा रस्ता एकदाही न पाहता पदवीधर होणारे आपल्यात पुष्कळ निघतील.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा आपल्या विद्यापीठाचा कायदा. या कायद्याने विद्यापीठात अनेक प्राधिकरणे निर्माण केली आहेत, त्यांतील एक म्हणजे अधिसभा, जिला जुनी माणसे अजून ‘सिनेट’ म्हणतात. कुलपती, म्हणजे राज्यपाल, तिचे अध्यक्ष. विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो, आणि अभ्यासक्रमांविषयी समाजाचे म्हणणे विद्यापीठाला ऐकवणे हे तिचे कामच कायद्यात लिहून ठेवले आहे. वर्षातून निदान दोनदा ती भरते. तीत प्राचार्य असतात, संस्थाचालक असतात, प्राध्यापक असतात, राज्यपालांनी नेमलेले सदस्य असतात, आणि या सर्वांबरोबर १० जागा पदवीधरांच्या असतात. पाच खुल्या, उरलेल्या पाचांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. हे दहा जण पदवीधरांनी आपल्यातूनच निवडायचे. त्यांतील दोघे पुढे व्यवस्थापन परिषदेवर जातात, आणि विद्यापीठाचा रोजचा कारभार चालतो तो तेथे. म्हणजे परीक्षाशुल्क किती असावे, निकाल का रखडला, ग्रामीण महाविद्यालयांच्या वाट्याला काय आले, हे तेथे विचारण्याचा ज्यांना अधिकार आहे त्यांत दहा माणसे आपल्या मताने जायची असतात.

पण अट एकच. मत देण्यासाठी पदवी पुरत नाही, नाव पदवीधरांच्या नोंदपुस्तकात असावे लागते. पदवी मिळाली की नाव आपोआप तेथे चढते, असे बहुतेकांना वाटते. ते चढत नाही. अर्ज करावा लागतो, पदवीचा पुरावा जोडावा लागतो, थोडे शुल्क भरावे लागते, आणि हे सर्व ठरावीक मुदतीत. मुदतीची जाहिरात वर्तमानपत्रात आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते. ज्याने कालच कॉलेज सोडले तो ती कशाला पाहील? नोकरीच्या जाहिराती पाहण्यातच त्याचे दिवस जातात, आणि त्याला दोष देता येत नाही.

येथे नेहमी होणारा एक घोटाळा सांगितला पाहिजे. ‘पदवीधर मतदारसंघ’ म्हटले की लोकांना विधान परिषद आठवते. ती निवडणूक वेगळी. घटनेच्या १७१व्या अनुच्छेदाप्रमाणे विधान परिषदेतील सुमारे एक-द्वादशांश सदस्य पदवीधर निवडतात. आपल्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा सात जागा आहेत. मावळ ज्या पुणे पदवीधर मतदारसंघात येतो त्यात पुण्याबरोबर सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हे आहेत. तेथे पदवी भारतातील कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची चालते, पण ती मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात, आणि यादी निवडणूक आयोग दर वेळी नव्याने करतो. २०२०च्या डिसेंबरात त्या मतदारसंघात मतदान झाले तेव्हा ज्यांनी अर्ज भरले, त्यांतील अनेकांची अशी समजूत आहे की आपण विद्यापीठाच्या यादीतही आलो. तसे नाही. दोन याद्या, दोन अर्ज, दोन कचेऱ्या.

मतदानाची रीतही निराळी आहे. शिक्का मारायचा नसतो, फुली करायची नसते. उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. समजा खुल्या गटात वैध मते ६,००० पडली आणि जागा पाच आहेत. तर ६,००० ला सहाने भागून येणाऱ्या १,००० मध्ये एक मिळवायचा. १,००१ हा झाला विजयाचा कोटा. ज्याला यापेक्षा जास्त पहिली पसंती मिळाली त्याची जादा मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढच्यांकडे जातात. कोणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत कमी मते असलेला बाद होतो आणि त्याची मते वाटली जातात. राखीव गटात जागा एकच, म्हणून तेथे कोटा निम्म्याहून एक जास्त, ३,००१. अशा मोजणीला वेळ लागतो, रात्र जागवावी लागते. पण या पद्धतीत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीलाही किंमत असते. एका तालुक्यातील काही शे पदवीधरांनी ठरवून आकडे लिहिले तर त्यांच्या दारात उमेदवाराला यावे लागते. मावळात वडगाव, तळेगाव, कामशेत, लोणावळा धरून पदवीधर किती निघतील याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

आपल्या विद्यापीठाच्या पदवीधर गटाचे मतदान २० नोव्हेंबर २०२२ रोजी झाले. पॅनेले होती, पक्षांचे पाठबळ होते, प्रचार होता. यात मला स्वतःला फारसे वावगे वाटत नाही. निवडणूक म्हटली की हे आलेच. खटकते ते वेगळेच. ज्याला निवडून यायचे असते तोच मतदारांची नोंदणी करून घेतो, अर्जांचे गठ्ठे तोच भरतो, आणि पदवीधराला आपले नाव यादीत आहे हे मतदानाच्या आदल्या दिवशी फोन आल्यावर कळते. अशा मतदाराचे मत त्याचे स्वतःचे किती आणि गठ्ठ्याचे किती?

घाटाखाली तर आणखी मासलेवाईक प्रकार झाला. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटाची निवडणूक लांबत लांबत, शेवटी न्यायालयाने सांगितल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडली. यादीत नावे होती तेरा हजारांहून थोडी अधिक! १८५७ पासून पदव्या देत आलेले विद्यापीठ आणि एवढी नावे. याउलट जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या पदवीप्रदान समारंभात पुणेरी पगडी असावी की फुले पगडी, यावर केवढी खळबळ उडाली होती. पगडीचा प्रश्न क्षुल्लक होता असे मी म्हणत नाही, त्यामागे इतिहास आहे. पण डोक्यावर काय घालावे याविषयी जी जागरूकता दिसली तिचा दहावा हिस्सा नोंदपुस्तकाच्या वाट्याला आला असता तर बरे झाले असते.

महाविद्यालयांतील माजी विद्यार्थी संघांचे काय, असे कोणी विचारील. ‘नॅक’ या मूल्यांकन परिषदेच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. तेव्हापासून महाविद्यालये संघांची रीतसर नोंदणी करतात आणि समिती यायच्या सुमारास मेळावेही भरतात. चहा होतो, भाषणे होतात, एखाद्या कपाटाची देणगी मिळते. मला त्याचे कौतुकच आहे. माझी सूचना एवढीच की, त्याच मेळाव्यात एका टेबलावर नोंदणीचे मार्गदर्शन करणारा कोणी बसवावा. चहाच्या रांगेइतका वेळ त्याला लागणार नाही.

एक अडचण विशेषतः आपल्या वर्गातील मुलींची आहे आणि कला शाखेत त्यांचीच संख्या मोठी. पदवीवर नाव माहेरचे असते. लग्न झाले की आधार कार्डावर दुसरे येते. नोंदणीच्या वेळी दोन्ही जुळत नाहीत आणि अर्ज अडतो. माझ्या मावसबहिणीचे असेच झाले. कागद जमवता जमवता मुदत टळली. लग्न घाटाखाली झाले असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोपोलीला राहायला गेलेली मावळची पदवीधर सासरच्या गावाकडे पाहून मुंबईची होत नाही. पदवी ज्या विद्यापीठाची, नोंद त्याच विद्यापीठाकडे करायची.

अधिसभेची मुदत पाच वर्षांची आहे. त्या हिशेबाने आपल्याकडे पुढची पाळी २०२७ च्या सुमारास येते; मुंबईचा अनुभव पाहता हिशेब चुकूही शकतो. तोपर्यंत मूळ पदवी प्रमाणपत्र महाविद्यालयाच्या कार्यालयात पडून असेल तर ते घरी आणावे. नाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत त्याच पाकिटात ठेवावी. नोंदणी झाल्यावर आधी कच्ची यादी लागते आणि हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत नाव, पत्ता आणि मतदान केंद्र ही तिन्ही पाहून घ्यावीत.