बोटांना लागलेले वळण

इंग्रजी टंकलेखनयंत्राची वरची ओळ क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशीच का सुरू होते, हा प्रश्न जन्मभर त्या कळा बडवणाऱ्यालाही सहसा पडत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीचे ख्रिस्तोफर शोल्स यांचे हे यंत्र १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. बंदुका आणि शिवणयंत्रे करणारी कंपनी! दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून अक्षरे अशी विखुरली, असे सांगतात. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही.

१९३६ मध्ये सिएटलचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोराक यांनी दुसऱ्या रचनेचे पेटंट घेतले. बोटे विसावतात त्या मधल्या ओळीत डावीकडे पाचही स्वर आणि उजवीकडे डी, एच, टी, एन, एस ही घडोघडी लागणारी व्यंजने. ‘क्वर्टी’च्या मधल्या ओळीत स्वर एकच, ‘ए’, आणि तोही बिचाऱ्या करंगळीच्या वाट्याला! १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या चाचण्यांनी ड्वोराकच्या बाजूने कौल दिला. मात्र ड्वोराक स्वतः त्या वेळी नौदलातच होते. १९५६ च्या सरकारी चाचणीत जुन्या टंकलेखकांना आपला पूर्वीचा वेग गाठायलाच जवळपास महिना लागला. प्रकरण तिथेच थंडावले.

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला यातला व्यवहार चटकन कळतो. साहेब यंत्र घेणार ते टंकलेखकांना येते तसले, आणि उमेदवार शिकणार ते साहेबाकडे असते तसले. आता संगणकावर रचना फुकटात बदलता येते, तरी बदलणारे विरळाच. म्हणजे अडचण यंत्राच्या किमतीची नव्हतीच.

आपल्या मराठीचे काय? १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक आणला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’. बाराखडी येणाऱ्याला तो पटकन उमगावा असा. पण रेमिंग्टन पद्धतीवर मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देऊन ज्यांनी नोकरी मिळवली, त्यांनी पुन्हा नवशिके का व्हावे? त्यांना दोष देववत नाही.

इंग्रजीत ‘क्वर्टी’ हलेल असे मला वाटत नाही. मराठीची गोष्ट मात्र निराळी आहे. पाचवीतल्या मुलाच्या बोटांना अजून कसलेच वळण नसते, आणि आज ते मोबाइलवर आईला ‘येतो’ हा शब्दसुद्धा रोमन अक्षरांत लिहून कळवते.